मोजायला आले, कुलूप बघून गेले

विषमतेचा अभ्यास करायला बीड जिल्ह्यातल्या गेवराईसारखा तालुका शोधून सापडायचा नाही. मराठा, वंजारी, धनगर, बंजारा, पारधी, दलित, मुस्लिम, सगळे आहेत. उशाला गोदावरी आहे, जायकवाडीचा उजवा कालवा आहे आणि तरीही दिवाळी झाली की गावंच्या गावं ऊस तोडायला सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडे निघतात. ट्रकात मात्र सर्वांचा समावेश होतो. बैलांचासुद्धा.

अडचण एवढीच, की संशोधन दारात येतं तेव्हा संशोधनाचा विषय गावात नसतो.

२३ जानेवारी २०२४ ला राज्य मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण सुरू झालं. ॲप पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचं, प्रश्न १५४ आणि ते विचारणारे बरेचसे शाळेतले गुरुजी. (महाराष्ट्रात कुठलंही समाजशास्त्र अखेर गुरुजींच्या मोबाइलवरच येऊन थांबतं.) गोदावरीपलीकडच्या अंतरवाली सराटीतून पेटलेल्या मराठा आरक्षणाच्या आंदोलनानं सरकारला घाई लावलेली. त्यामुळे दीड कोटीहून जास्त कुटुंबं दहा-अकरा दिवसांत उरकली. विधवेला कुंकू लावता येतं का, हेही विचारून झालं. पण जानेवारी म्हणजे गाळप ऐन भरात. दोन एकर कोरडवाहूवाला जो मराठा गडी मागासलेपणाचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरला असता, तो त्या वेळी बायकोसह कुठल्यातरी फडात मोळ्या बांधत होता. घरी कुलूप, नाहीतर म्हातारी. म्हातारीला १५४ प्रश्न.

आता २०१९ चं बघा. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या सर्रास काढल्या जातात अशी ओरड झाली, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. समिती उन्हाळ्याच्या शेवटाला नेमली गेली. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, टोळ्या परतल्या होत्या, बायका आपापल्या घरी होत्या. ८२,३०९ जणींना विचारलं आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा जणींत एक. पाळीत अंग धरलं, एक खाडा पडला की दंड कापला जातो. मग कटकटच नको, असा हिशेब. सुचवणारे डॉक्टर हजर, पैशाला टोळ्या नेणाऱ्या मुकादमाची आगाऊ उचल हजर. हे सगळं उजेडात आलं ते पद्धतीच्या थोरवीनं नव्हे. दार वाजवलं तेव्हा आतून कडी निघाली, म्हणून.

पण दार उघडलं तरी बाई रकान्यात बसतेच असं नाही. अमेरिकेत किंबर्ली क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापक बाईंनी १९८९ मध्ये जनरल मोटर्सचा एक खटला पुढे ठेवला होता. नोकरी गेलेल्या काळ्या बायकांना कोर्टानं सांगितलं होतं, कंपनीनं बायका तर नेमल्यात, मग बाई म्हणून अन्याय कसला? नेमलेल्या बायका गोऱ्या होत्या, एवढंच. गेवराईत इतकाही वाद घालावा लागत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या हातात, सही-अंगठा नवऱ्याचा. बाई अर्धा कोयता. जातीच्या रकान्यात ती सापडते, मजुरीच्या रकान्यात शोधा.

या अर्ध्या कोयत्यावर प्रबंध लिहू पाहणाऱ्या पोरापोरींचीही आपण जातवार सरकारी संस्थांत नीट वाटणी केली आहे. अनुसूचित जातीची असेल तर बार्टी, मराठा-कुणबी असेल तर सारथी, ओबीसी असेल तर महाज्योती. २०२३ मध्ये सरकारनं फेलोशिपच्या जागा तिन्हीकडे प्रत्येकी २०० वर आणल्या. राज्यात कुठे समता आली असेल तर ती इथे. त्याच वर्षी नागपूरच्या अधिवेशनात तेव्हाच्या एका उपमुख्यमंत्र्यांनी विचारलं होतं, पीएचडी करून काय दिवे लावणार?

दिवे लावणारा एक माणूस आहे, पण त्याला कोणी फेलोशिप देत नाही. मुकादम. कुठल्या तांड्यातून किती कोयते, कुणाची किती उचल फिटली, किती बाकी, कोण आजारी, कुणाच्या पोरीचं लग्न धरलंय, हे सगळं त्याच्या वहीत. प्रतिसाद शंभर टक्के. न देणाऱ्याचं काय होतं ते विचारू नका.

आता जनगणना येतेय. जातीसकट. संदर्भाची तारीख १ मार्च २०२७, म्हणजे माणसं मोजायची फेब्रुवारीत. मोजणीच्या सगळ्या दिवसांत जो गावाबाहेर असेल, तो जिथे सापडेल तिथला. म्हणजे गेवराईचा बंजारा मोजला जाणार कोल्हापूरच्या कोपीत, तोही पहाटे फडावर गेलेला माणूस प्रगणकाला सापडला तर. आणि आमच्या तालुक्याला काय हवं-नको ते ठरणार मागे राहिलेल्यांच्या आकड्यावर.

लडाख आणि जम्मू-काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडचा बर्फाळ भाग यांना मात्र १ ऑक्टोबर २०२६ ही वेगळी तारीख दिलीय. तिकडे हिवाळ्यात बर्फ पडतो, माणसं गाठणं कठीण होतं, हे दिल्लीला बरोबर कळतं. उसाचं अजून कुणी कळवलेलं दिसत नाही. २०२१ ची मोजणी २०२७ पर्यंत ढकलता आली. पट्टा पडेपर्यंत अजून दोन महिने काही जड नव्हते.