घरगुती स्टुडिओत स्क्रीन किती असाव्यात : एक शास्त्रोक्त नियमावली

प्रस्तुत नियमावली वाशीम जिल्ह्यातल्या समस्त गृहसंगीतकारांसाठी आहे. ज्याच्या खोलीच्या दारावर 'स्टुडिओ' लिहिलेलं असतं आणि आत गव्हाची कोठी असते, त्याला गृहसंगीतकार म्हणावं. हा इसम हळदीची गाणी करतो, गणपतीची करतो, 15 फेब्रुवारीला सेवालाल महाराजांच्या जयंतीची करतो, 14 एप्रिलला भीमगीतं करतो आणि निवडणूक लागली की जो आधी पैसे देईल त्याचं प्रचारगीत करतो. नियमावलीचा कर्ता संगीतकार नाही, मामा आहे. मंगरूळपीरच्या त्याच्या सख्ख्या भाच्याच्या गाण्यांचे शब्द तोच लिहितो. ते शब्द आजवर कोणालाही ऐकू आलेले नाहीत. त्याबद्दलची तक्रार योग्य त्या नियमाखाली नोंदवली आहे.

नियम 1. एक स्क्रीन पुरते.

खरं तर नियमावली इथेच संपायला हरकत नव्हती. पण भाचा ऐकत नाही, म्हणून भाष्य जोडतो. 1989 साली क्यूबेस नावाचं सॉफ्टवेअर आलं, ते अटारी एसटी नावाच्या संगणकावर चालायचं. त्याची चांगली म्हणवली जाणारी स्क्रीन बारा इंची, काळी-पांढरी, 640 बाय 400 ठिपक्यांची. एवढ्याशा चौकोनावर त्या काळात युरोपातली कितीतरी नाचाची गाणी जुळली. त्याच्याही मागे गेलं तर 1902 साली कलकत्त्यात गौहर जान तबकडीसाठी गायल्या. समोर एक भोंगा होता. स्क्रीन शून्य.

हे सांगितलं की भाचा म्हणतो, "मामा, तवाचं जाऊ द्या. बिली आयलिशचं सांगा."

तेही सांगतो. त्या पोरीचा 2019चा अल्बम तिच्या भावाने, फिनियसने, लॉस एंजेलिसच्या राहत्या घरातल्या झोपायच्या खोलीत केला आणि 2020 साली त्याला अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी मिळालं. भाच्याच्या लक्षात यातलं फक्त 'झोपायची खोली' एवढंच राहिलं आहे. गाणी पूर्णही झाली होती, हा तपशील निसटला.

नियम 2. दुसरी स्क्रीन कशासाठी, हे आधी स्वतःला सांगावं, मग बापाला.

इथे कर्त्याला प्रामाणिक राहणं भाग आहे, कारण दुसऱ्या स्क्रीनचा उपयोग होतो. पंधरा इंची जुन्या लॅपटॉपवर 1366 बाय 768 एवढीच जागा असते. एफएल स्टुडिओ हे गाणी जुळवायचं सॉफ्टवेअर उघडलं की एकीकडे प्लेलिस्ट, दुसरीकडे पियानो रोल, खाली मिक्सर, मध्ये चॅनल रॅक, आणि सगळ्यांवर उताणं पडलेलं एखादं प्लगइन. सापडत काहीच नाही. दुसरी स्क्रीन असली तर मिक्सर कायमचा तिकडे टाकावा आणि समोर फक्त गाणं ठेवावं. गायकाला शब्द मोठ्या अक्षरांत दाखवता येतात, हा दुसरा फायदा. आमच्याकडचे गायक चष्मा घरी विसरून येतात, म्हणून हा मोठाच.

मात्र त्याआधी किबोर्डच्या वरच्या ओळीकडे पाहावं. F5 दाबलं की प्लेलिस्ट, F6 ला चॅनल रॅक, F7 ला पियानो रोल, F9 ला मिक्सर. बोटांना ही चार बटणं पाठ झाली की निम्म्या लोकांची दुसऱ्या स्क्रीनची गरज मिटते, आणि याला रुपया लागत नाही. ही माहिती भाच्याला दिली तेव्हा तो म्हणाला, "मामा, तुमाले नाई समजत. पार्टी आली का प्रोफेशनल दिसलं पाह्यजे." पार्टी म्हणजे गिऱ्हाईक. तर दुसऱ्या स्क्रीनचं खरं कारण हे आहे. दोन स्क्रीन दिसल्या की हळदीच्या गाण्याचा भाव वाढवून सांगता येतो. धंद्याचं हे गणित कर्त्याला मान्य आहे. फक्त त्याला 'वर्कफ्लो' म्हणू नये.

(दुसरी स्क्रीन जोडल्यावर दोन्हींवर एकच चित्र दिसलं तर स्क्रीन खराब आहे म्हणून नागपूरला सीताबर्डीत परत न्यायची नाही. विंडोजचं बटण धरून P दाबायचं आणि 'एक्सटेंड' निवडायचं. एसटीचं भाडं वाचतं.)

नियम 3. दुसरी स्क्रीन ऋतुमानाप्रमाणे वापरावी.

हा नियम जगातल्या कुठल्याही ग्रंथात सापडणार नाही. भाऊजींचं, म्हणजे भाच्याच्या बापाचं, कृषी केंद्र आहे. बिलाच्या संगणकाला चोवीस इंची स्क्रीन आहे. दसरा झाला, रब्बीचा हरभरा पडला, दुकानातली गर्दी ओसरली की ती स्क्रीन हळूच स्टुडिओत येते. मृगाचा पाऊस पडला, बियाण्याला रांग लागली की भाऊजी स्टुडिओच्या दारात उभे राहून एवढंच विचारतात, "माह्या दुकानाचा टीव्ही कुठं हाय?" आणि स्क्रीन जाते. म्हणजे खरिपात एक, रब्बीत दोन.

कर्त्याने याचं बारकाईने निरीक्षण केलं आहे. खरिपात भाच्याची गाणी पूर्ण होतात. रब्बीत ती रंगीत होतात. जागा आली की तो प्रत्येक ट्रॅकला रंग देतो. ढोलकीला केशरी, संबळाला हिरवा, आवाजाला जांभळा. मग रंग जुळत नाहीत म्हणून बदलतो. ताई बाहेरून जाता जाता मला दटावते, "दादा, त्याले बोलू नोको, तो काम करून राह्यला."

नियम 4. मांडणी.

सारख्या आकाराच्या दोन स्क्रीन बरोबर मध्यावर शेजारी शेजारी लावणारा माणूस दिवसभर त्यांच्या मधल्या काळ्या पट्टीकडे पाहत बसतो, आणि गाणं तिच्या डावीकडे किंवा उजवीकडे चाललेलं असतं. मान एका बाजूला धरते. मुख्य स्क्रीन नाकासमोर ठेवावी आणि दुसरी बाजूला, थोडी वळवून.

स्पीकरचा विचार स्क्रीनच्या आधी करावा. आमच्याकडे तो कधीच होत नाही. चोवीस इंची एक स्क्रीन साधारण 53 सेंटिमीटर रुंद असते. दोन लावल्या की सव्वा मीटरचं टेबल भरलं, मग स्पीकर जातात स्क्रीनच्या मागे. मागून आवाज ऐकायचा असेल तर वरातीच्या मागच्या टोकाला चालावं, स्टुडिओ काढू नये. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. स्पीकर सव्वा मीटर अंतरावर असतील तर डोकंही प्रत्येकापासून सव्वा मीटरवर. ट्वीटर कानाच्या उंचीला. स्क्रीन स्पीकरच्या तोंडापेक्षा थोडी मागे आणि खाली, म्हणजे आवाज काचेवर आपटून कानात येत नाही. भाच्याचे स्पीकर सध्या कपाटावर आहेत, कारण टेबलावर दुकानाचा टीव्ही आहे.

नियम 5. खोली, दिशा आणि कापूस.

स्क्रीन पूर्वेला असावी की उत्तरेला, यावर घरात वाद झाला आणि वास्तुवाल्याला बोलावण्यापर्यंत गोष्ट गेली. दिशेने काही होत नाही. खोलीच्या मापाने होतं. आमच्याकडे खोल्या दहा बाय दहाच्या आणि स्लॅबही दहा फुटांवर. मिस्त्रीला ते माप तोंडपाठ असतं आणि आवाजाच्या दृष्टीने यापेक्षा वाईट खोली बांधता येत नाही. दहा फूट म्हणजे 3.05 मीटर. एवढ्या अंतराच्या दोन भिंतींमध्ये साधारण 56 हर्ट्झचा स्वर अडकतो आणि घुमत राहतो. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारख्याच असल्याने तोच एक स्वर तिन्हीकडून घुमतो. आणि आमच्याकडच्या डीजेच्या गाण्याचा सगळा जीव त्याच पट्टीत असतो. नंगाऱ्याच्या आवाजाखाली भाचा जो बेस भरतो, तो याच खोलीत भरतो. त्याला खोलीत बेस भरपूर वाटतो, म्हणून कमी करतो. मैदानात गाणं वाजलं की बेस गायब. मग वाढवतो. मग खोलीतल्या भांड्यांचं रॅक वाजतं.

यावर अंड्यांचे ट्रे चिकटवावेत असं सर्वत्र सांगतात. आमचं घर माळकरी असल्याने आजीने तो उपाय उंबऱ्याबाहेरच ठेवला, आणि शास्त्रही तिच्याच बाजूने आहे. पुठ्ठ्याच्या ट्रेने वरचे सूर थोडेफार इकडेतिकडे होतात, बेसला काही होत नाही. 56 हर्ट्झच्या लाटेची लांबी सहा मीटरच्या वर आहे. तिला गिळायला दोन इंची फोम कमी पडतो, थर फुटांत लागतो.

फुटांतला थर वाशीम जिल्ह्यात डिसेंबरमध्ये उपलब्ध असतो. भाऊजी चार एकर कापूस करतात. भाव येईपर्यंत तो विकायचा नाही, आणि घरात दुसरी रिकामी खोली नाही. मग मागच्या भिंतीला, खाली फरशीपासून वर छातीच्याही वर, चार-पाच फूट जाडीचा कापूस. त्यापुढे उरलेल्या जागेत टेबल, दोन स्क्रीन आणि भाचा. त्या दोन महिन्यांत त्या खोलीतला आवाज खरोखर ऐकण्यासारखा असतो. टाळी वाजवली तर टाळीच ऐकू येते, मागचा खणखणाट नाही. पहिल्यांदा माझ्या गाण्यातलं 'माय' आणि 'मया' वेगवेगळं ऐकू आलं ते तिथे. पण कापसात बसलं की अंगाला खाज सुटते, म्हणून भाचा दर चार मिनिटांनी बाहेर. आणि भाव वाढला की एका सकाळी गाडी येते, कापूस जातो आणि अर्धवट मिक्स झालेलं गाणं उघड्या भिंतींत उरतं. कापसाचे भाव पडलेले राहावेत असं वाटणारा या घरात एकच प्राणी आहे आणि त्याने हे बापासमोर अद्याप बोललेलं नाही.

गंभीर सूचना, इथे विडंबन थांबतं : एक्स्टेंशन बोर्ड कापसाजवळ ठेवू नका. लांब, उंचावर, वेगळ्या भिंतीला लावा आणि झोपताना मेन स्विच बंद करा.

नियम 6. गुणगुण.

दुसरी स्क्रीन जोडली की स्पीकरमधून बारीक गुणगुण येते, माउस हलवला की तिची चाल बदलते. एचडीएमआयची वायर काढून पाहा. गुणगुण गेली तर स्क्रीन, लॅपटॉप आणि स्पीकर यांच्या अर्थिंगचं चक्र झालं आहे. सगळं एकाच बोर्डावर घ्या, स्पीकरला साउंड कार्डापासून बॅलन्स्ड वायर द्या. लॅपटॉपच्या चार्जरची तिसरी पिन मोडून गुणगुण घालवणारे महाभाग आहेत. ती पिन जीव वाचवायला असते. त्यापेक्षा अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्याकडे बघा. मीठ-कोळसा घालून बुजवलेल्या त्या खड्ड्यात उन्हाळ्यात कोणी तांब्याभर पाणी घालत नाही. माती कोरडी, अर्थिंग नावापुरतं. घरात दर सकाळी तुळशीला पाणी घालायला जाणारा माणूस त्या खड्ड्यावरूनच जातो.

नियम 7. तिसरी स्क्रीन.

नाही.

नियम 7-अ. चौतीस इंची वाकडी स्क्रीन.

तांत्रिकदृष्ट्या हा दोन स्क्रीनपेक्षा चांगला उपाय आहे. मधली काळी पट्टी जाते, मान सरळ राहते, गाण्याची चार-पाच मिनिटं एका नजरेत मावतात. किंमत भाऊजींना कोणी सांगायची हे ठरलेलं नाही. सबब, नियम 7 लागू.

नियम 8. स्क्रीन बंद करावी.

आता तक्रार. स्क्रीनवर आवाजाचा आलेख दिसतो. हिरवे-पिवळे डोंगर वरखाली होतात. भाचा ते डोंगर बघून मिक्सिंग करतो. जिथे डोंगर बुटका तिथे वाढव, जिथे उंच तिथे काप. सगळं सपाट, देखणं दिसलं की तो टेकून बसतो आणि म्हणतो, "झालं." शब्द तेव्हा कुठे असतात? बोललेला शब्द कळतो तो व्यंजनांवरून, आणि 'क', 'त' यांचा कणखरपणा असतो साधारण 2 ते 4 हजार हर्ट्झच्या आसपास. नेमक्या तिथेच त्याने सिंथची शिट्टी, टाळ आणि स्वतःच्या नावाची घोषणा अशी तीन माणसं बसवलेली असतात. माझं कडवं त्यांच्या मागे उभं राहून हात वर करतं. शिट्टीला तिथे थोडं खाली आणलं तरी शब्द पुढे येतात. एवढंच करायचं असतं.

म्हणून मिक्स झालं वाटलं की दोन्ही स्क्रीन बंद कराव्यात, डोळे मिटावेत आणि गाणं ऐकावं. लाईट गेली तर दुसरी स्क्रीन आपोआप बंद होते. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, साउंड कार्डातून हेडफोनही. मग तेच गाणं मोबाईलवर वाजवावं, कारण मोबाईलच्या पिटुकल्या स्पीकरला बेस झेपत नाही, तिथे शब्द उरला तर उरला. मग शेजारच्या ट्रॅक्टरवर वाजवावं. वाशीम जिल्ह्यात गाण्याचं खरं आयुष्य ट्रॅक्टरवर आणि वरातीतच जातं, आणि ट्रॅक्टरवाल्याला किती स्क्रीन होत्या हे कधीच कळणार नाही.

एक गोष्ट मान्य करतो. पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेत गर्दीतल्या कुठल्याशा गाडीवर एकदा भाच्याचंच गाणं लागलं होतं. बेस बरोबर होता. दोन म्हाताऱ्या थांबून मान हलवत होत्या. दुसरं कडवं मला स्वतःला कळलं नाही, पण ताल लागला होता, एवढं खरं.

यंदा रामनवमीसाठी नवीन गाणं व्हायचं आहे. शब्द माझ्याकडून कधीच गेले आहेत. तेव्हा वाचकांना विनंती : मंगरूळपीर, मानोरा, कारंजा भागात कोणाकडे जुनी, चालू स्थितीतली स्क्रीन पडून असेल, तर ती शाळेला द्या, वाचनालयाला द्या, नाहीतर सरळ भंगारात घाला. आमच्या घरी तेवढं कळवू नका.