म्हशीची त्रिज्या

'कौटुंबिक सहल' या संज्ञेचा रूढ अर्थ आईवडील आणि लहान मुले यांनी केवळ मौजेखातर घराबाहेर घालवलेला दिवस असा घेतला, तर ती पलूस तालुक्यात फारशी आढळत नाही असेच म्हणावे लागते; येथे माणसे देवाला जातात, पाहुण्यांकडे जातात, नवस फेडायला किंवा जावळ काढायला जातात, आणि या कामांच्या पोटात मौज सापडलीच तर ती तक्रार न करता करून घेतात. निव्वळ मजा करायला निघालो, असे उघडपणे सांगणाऱ्या कुटुंबाकडे भावकी ज्या नजरेने पाहते, ती सोसण्यापेक्षा औदुंबरला दत्ताच्या पाया पडून येतो असे सांगणे सर्वांनाच परवडते. या व्यवहाराच्या बुडाशी असलेल्या तत्त्वाला 'आलोच-आहोत-तर-न्याय' असे नाव देता येईल. त्याचा आशय असा की निघण्याचे कारण एकच असते, परंतु एवढे आलोच आहोत तर नदी पाहू, एवढे आलोच आहोत तर आत्याकडे चहा घेऊ, अशा पायऱ्यांनी सकाळी पिशवीत पडलेला नारळ तीन गावे हिंडून दुपारी कधीतरी देवापुढे फुटतो.

याउलट थीम पार्क म्हणजे मोठ्या जागेला भिंत घालून, दारात तिकीट लावून, आत मौजेखेरीज दुसरे काहीही करू न देणारी व्यवस्था होय. महाराष्ट्रात तिची ओळख 1989 साली गोराईला सुरू झालेल्या एस्सेलवर्ल्डने करून दिली आणि 2013 साली खोपोलीजवळ इमॅजिका उघडल्यावर ती शाळाशाळांतून चर्चेचा विषय झाली. पलूसची मुले तेथे फारशी का जात नाहीत, याचे कारण सामान्यतः तिकिटाचा दर असे सांगितले जाते. ते अपुरे आहे, कारण द्राक्षांना भाव लागलेल्या वर्षीही हीच मुले मे महिन्यात घरीच दिसतात. खरे कारण गोठ्यात बांधलेले असते.

'धार' म्हणजे दुभत्या जनावराचे दूध काढण्याची क्रिया आणि तिची वेळ. ती दिवसातून दोनदा, पहाटे पाचच्या आणि संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास येते आणि सणवार, लग्नसराई, निवडणूक यांपैकी कशासाठीही पुढे सरकत नाही. भिलवडीत 1939 साली चितळ्यांनी दुधाचा धंदा सुरू केल्यापासून तर या पट्ट्यात धारेला घड्याळाची शिस्त लागली, कारण दूध डेअरीला वेळेत घालावे लागते. शिवाय म्हैस ही माणूस ओळखणारी असते. रोजचा हात सोडून दुसऱ्याचा हात लागला की ती पान्हा चोरते, म्हणजे कासेत दूध असून सोडत नाही, आणि समोर आंबोणाची पाटी ठेवली तरी ती आंबोण संपवून पुन्हा तशीच उभी राहते. सकाळची धार, डेअरी, शेणघाण आणि स्वयंपाक आटोपून कुटुंब नऊच्या आत क्वचितच निघते, त्याला पाचच्या ठोक्याला गोठ्यात परत यावे लागते, आणि वाटेत लघवीसाठी थांबायची गरज प्रत्येक मुलाला वेगवेगळ्या ठिकाणी भासते. हा सगळा हिशेब मांडल्यास सहलीची कमाल त्रिज्या पंचवीस-तीस किलोमीटरच्या पुढे जात नाही. तिलाच येथे 'म्हशीची त्रिज्या' म्हटले आहे. खोपोली तिच्या कित्येक पट बाहेर पडते. पुण्या-मुंबईहून सुट्टीला आलेल्या पाहुण्यांच्या मुलांना ही भूमिती समजत नाही, कारण त्यांचे दूध पिशवीतून येते.

सुदैवाने या वर्तुळात ऐवज भरपूर आहे. प्रवासाचे साधन बहुधा वडाप असते. वडाप म्हणजे माणसे ठरलेल्या संख्येने न बसवता मावतील तितकी बसवणारी जीप. तिच्यातही 'तुफान' नावाच्या गाडीला पसंती असते, आणि कुंडलला जाताना त्यामुळे इतिहासाचा मोठा घोटाळा होतो. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारची तुफान सेना जी. डी. बापू लाड यांच्या पुढाकाराने याच भागात उभी राहिली आणि तिने 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ इंग्रज सरकारच्या पगाराची गाडी लुटली, हे आजोबा मोठ्या अभिमानाने सांगू लागले की मागच्या बाकावरून तुफानात एकूण किती जण बसले होते, अशी पृच्छा येते. तोवर एखाद्याला 'गाडी लागते', म्हणजे डचमळून ओकारी येते, आणि आवळासुपारी व लिंबू यांच्या शोधात स्वातंत्र्यलढा तेवढ्यापुरता स्थगित होतो.

किर्लोस्करवाडीचा प्रकार निराळा आहे. वॉल्ट डिस्ने यांनी कॅलिफोर्नियात संत्र्यांच्या बागा हटवून 1955 साली डिस्नेलँड उघडले, त्याच्या पंचेचाळीस वर्षे आधी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या 32 एकर माळावर निवडुंग आणि साप हटवून नांगरांचा कारखाना आणि भोवती गाव वसवले. पाहणाऱ्याने थक्क व्हावे असेच हे काम आहे, आणि मोठी माणसे होतातही. 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' ही मासिके अवघ्या मराठी मुलखात येथूनच जात, हे आजी मुद्दाम सांगते. मुलांचे लक्ष मात्र स्थानकातून धडधडत जाणाऱ्या मालगाडीच्या डब्यांकडे असते. डबे अठ्ठावन्न की एकोणसाठ, या प्रश्नावर दोन चुलत भावांत जुंपलेले भांडण पुढच्या मे महिन्यापर्यंत टिकते, आणि इंजिन धरायचे की नाही या मुद्द्यावर घरातील पदवीधरांतही एकमत होत नाही.

औदुंबर हा या वर्तुळातील सर्वांत निर्धोक बहाणा होय, कारण तेथे जाण्याला कोणाचीच हरकत नसते. कृष्णेच्या एका काठावर दत्ताचे ठाणे, पलीकडे भिलवडीच्या बाजूला भुवनेश्वरीचे देऊळ आणि मध्ये नाव, ही रचना मुलांसाठीच केली असावी इतकी सोयीची आहे. गुरुचरित्रातील एक कथा याच दोन काठांवर घडते: विद्या येत नाही म्हणून लोकांनी हिणवलेला एक मुलगा भुवनेश्वरीपुढे आपली जीभ कापून ठेवतो, देवी त्याला पलीकडे औदुंबराखाली बसलेल्या नृसिंहसरस्वतींकडे धाडते, तो नदी पोहून जातो आणि त्याला जीभ व विद्या दोन्ही मिळतात. वार्षिक परीक्षेचा निकाल नुकताच हाती पडलेला असल्याने ही कथा नावेतच सांगण्याचा प्रघात आहे आणि ती सांगताना एका विशिष्ट नातवाकडे पाहण्याचाही. परंतु कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी आहेत, थीम पार्कात असतात तशा प्लास्टिकच्या नव्हेत, आणि हे त्या नातवाला ठाऊक असते. तो मुलगा पोहून गेला तेव्हा मगरी कुठे होत्या, या त्याच्या प्रश्नाला घाटाला नाव लागेपर्यंत उत्तर मिळत नाही. घाटावर उतरल्यावर त्याला पेढा मिळतो.

वर्तुळाच्या कडेला सागरेश्वर आहे. मोठ्यांच्या मते सहलीचे शिखर तेच. उघड्याबोडक्या डोंगरांवर धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून झाडे लावली गेली, बाहेरून हरणे आणून सोडली गेली, आणि सुमारे 11 चौरस किलोमीटरच्या या रानाला 1985 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. म्हणजे माणसाने हातांनी केलेले हे जंगल आहे, आणि ज्या तालुक्यात बांधावरचे झाड तोडण्यावरून भाऊबंद कोर्टात जातात, त्याच्या शेजारी ते उभे आहे ही गोष्ट लहान नव्हे. पायथ्याशी सागरेश्वराच्या देवळांचा पुंजका असल्याने भावकीला सांगायचे कारणही तयार असते. जवळच्या देवराष्ट्र्यात यशवंतराव चव्हाणांचा जन्म 1913 साली झाला, तोही आजोळी, आणि सुट्टीत मामाकडे आलेल्या भाचरांना हा दाखला तात्काळ पटतो.

सागरेश्वरी दुपारी झाडाखाली धपाटी, शेंगदाण्याची चटणी आणि दही सुटते. नंतर सतरा जण हरणांची वाट पाहत बसतात. शांतता पाळा, असे सर्वांत मोठ्याने सांगणारी व्यक्ती बहुधा थोरले काकाच असतात. तासाभरात एक मोर ओरडतो, एक चप्पल हरवते, दोन मुले झोपतात, आणि दूर झुडपात हललेले काहीतरी सांबर असल्याचे निम्मे लोक शपथेवर सांगतात. खरी अडचण प्राणिशास्त्रातील आहे. सांबरे आणि चितळे उन्हाच्या तडाख्यात सावलीला बसून राहतात आणि उन्हे कलल्यावर पाणवठ्याकडे येतात, म्हणजे नेमकी धारेच्या वेळेला. पावणेचारला काका घड्याळ पाहतात, चारला डबे भरले जातात, आणि हरणे निघण्याच्या बेतात असताना वडाप घाट उतरून पलूसच्या वाटेला लागलेले असते. त्यामुळे सागरेश्वरची हरणे मनसोक्त पाहिलेली मुले पिशवीतले दूध पिणाऱ्या घरांतच अधिक निघतात, आणि शेजारच्या तालुक्यातली पोरे त्यांच्याकडून हरणांची वर्णने ऐकतात.

तरी ज्यांना यंदाच्या मे महिन्यात हरणे पाहायचीच असतील, त्यांनी निघण्यापूर्वी निदान आठ दिवस धाकट्या चुलत्याला रोज संध्याकाळी गोठ्यात आणून म्हशीशी ओळख करून द्यावी, आंबोणाची पाटी त्याच्याच हातून ठेववावी, आणि परतताना त्याच्यासाठी पेढे आणायला विसरू नये.