एक तासाच्या रजेसाठी विनंती

प्रति,
मा. गुरुत्वाकर्षण,
मुक्काम : सर्वत्र

विषय : येत्या रविवारी सकाळी 9 ते 10 या वेळेत आमच्या कॉलनीपुरती रजा घेण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

आमच्या कॉलनीत कोपऱ्यावरच्या बंगल्याला खेटून एक गुलमोहर उभा आहे. ‘उभा’ हा शब्द सेक्रेटरींना मान्य नाही. इतिवृत्तात ‘कललेला’ असं नोंदवलं आहे आणि या एका बाबतीत इतिवृत्त बरोबर आहे. बुंधा एका माणसाच्या कवेत मावत नाही, फांद्या गच्चीवर गेल्या आहेत आणि सगळा भार त्या बंगल्यातल्या आजींच्या स्वयंपाकघरावर आहे. हे झाड पाडण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत बहुमताने मंजूर झाला. झाड बंगल्याच्या उलट दिशेला, मोकळ्या प्लॉटवर पडेल, असंही त्याच ठरावात म्हटलं आहे. खाली सूचक आणि अनुमोदक यांच्या सह्या आहेत. आता फक्त आपली हरकत नसावी.

सभेत आपला विषय निघालाच नाही असं नव्हे. फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या एका सभासदांनी ‘ते कललंय तिकडेच पडणार’ असं म्हणून पाहिलं. त्यांना मेंटेनन्सच्या थकबाकीची आठवण करून देण्यात आली.

आपण रजा घेतलीत तर बाकी तयारी चोख आहे. अण्णांनी गणेश मंडळाचा दोर आणून ठेवलाय. विसर्जनाच्या मिरवणुकीत एवढी गर्दी आवरणाऱ्या दोराला एक झाड आवरायला काय लागतं, हा त्यांचा सवाल. दोराचं एक टोक झाडाला, दुसरं सेक्रेटरींच्या भाच्याच्या जीपला. दोर कुठे बांधायचा यावर बरीच चर्चा झाली. उंचावर बांधला तर ओढ नीट बसते, पण उंचावर जाणार कोण? म्हणून तो छातीइतक्या उंचीवर बांधायचं ठरलं, कारण तिथे सगळ्यांचा हात पोचतो. आणखी एक गोष्ट म्हणजे दोर झाडाच्या उंचीपेक्षा आखूड आहे. ठराव तंतोतंत अमलात आला, तर झाड प्लॉटकडे वळेल आणि जीपवर पडेल. भाच्याला हे अजून कुणी सांगितलेलं नाही. आपणही सांगू नये, मुलगा उत्साही आहे.

आपल्याशी आमचं वैर नाही. उलट अभिमानच आहे. भास्कराचार्यांनी 1150 च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त पृथ्वीच्या आकर्षणशक्तीबद्दल लिहून ठेवलं, हा मजकूर कॉलनीच्या ग्रुपवर सारखा फिरत असतो, बहुधा न्यूटनच्या नावाने बोटं मोडत. त्याचं ‘प्रिन्सिपिया’ 1687 चं, म्हणजे आम्ही पाचशे वर्षांहून अधिक पुढे. मात्र ओळख जुनी असली तरी आपण ओळख ठेवत नाही, हे सभासदांच्या गळी उतरत नाही. ज्या सफरचंदाच्या झाडाने आपलं नाव जगभर नेलं, ते वूल्स्थॉर्पचं झाडसुद्धा 1820 च्या वादळात आपण आडवं केलंत. (पडल्या जागी ते पुन्हा फुटलं आणि आजही आहे, हा भाग वेगळा. आमच्या गुलमोहराकडून ती अपेक्षा नाही.) 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवल्या, तेव्हा सगळं खापर वाऱ्यावर फुटलं. वाऱ्याने ढकलण्यापुरतं केलं होतं. झाडं कौलांवर आणून ठेवली ती आपण.

झाड खरोखर धोकादायक आहे का, हे पाहायला वृक्ष निरीक्षक येऊन गेले. त्याआधी कॉलनीत ज्याचा त्याचा धोका वेगळा होता. पाकळ्या गाडीच्या काचेला चिकटतात. कावळा घरटं करतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर टोच मारतो. सोलर पॅनेलवर सावली पडते, हा तर महाधोका. निरीक्षकांनी यातलं काहीही लिहून घेतलं नाही. ते सरळ बुंध्याशी उकिडवे बसले. जमिनीलगत खोडातून तपकिरी, वरून लाख दिल्यासारखी चकाकणारी, कडेला पांढरट अशी एक टणक अळंबी बाहेर आली होती. ‘गॅनोडर्मा’, एवढंच ते म्हणाले. मग कोयत्याच्या पाठीने खोड ठोकत ठोकत फिरले. अर्ध्या फेरीपर्यंत आवाज टणक येत होता, बंगल्याच्या बाजूला आल्यावर एकदम डबडब. तिथे त्यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर आला तेव्हा टोकाला ओला भुसा होता.

नंतर ते झाडाच्या मागे गेले. तिथले पेव्हर ब्लॉक उचलले गेले होते आणि खाली मातीला लांब भेग पडली होती. झाड कलणं वाईटच असं नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. लहानपणापासून तिरकं वाढलेलं झाड शेंड्याकडे स्वतःला सावरून घेतं आणि तसंच वर्षानुवर्षं राहतं. पण सरळसोट वाढलेलं झाड एकाएकी कललं आणि मागची माती वर आली, तर मुळांची पकड सुटली असं समजायचं. नुसती छाटणी करून हे झाड वाचेल का, असं आजींनी विचारलं. त्यांनी नाही म्हटलं, आणि ते म्हणताना त्यांना बरं वाटलेलं दिसलं नाही.

पकड सुटली कशी, तेही पाहण्यासारखं आहे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. मुळं उथळ पसरणारी, लाकूड ठिसूळ. त्याला मोकळी माती हवी, तर आम्ही बुंध्याला भिडेपर्यंत काँक्रीट ओतलं. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 साली झाडांभोवतीचं एक मीटरमधलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, पण ते दिल्लीला, आणि आमची कॉलनी दिल्लीत नाही. पुढे ड्रेनेजची लाइन टाकताना प्लॉटकडची जाड मुळं तोडली. पार्किंगच्या बाजूच्या फांद्या दरवर्षी छाटल्या, बंगल्याच्या बाजूच्या तशाच ठेवल्या, कारण आजींनी कधी तक्रार केली नाही. आपण फक्त बेरीज केलीत.

परवानगीचं कामही मार्गी लागलंय, म्हणजे लागेल. 1975 च्या झाडांच्या संरक्षण व जतनाच्या कायद्याखाली शहरात खाजगी आवारातलं झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावावी लागतात. याचा परिणाम असा की सभेत ‘साठ वर्षांचं जीर्ण धूड’ असलेला गुलमोहर अर्ज भरेपर्यंत पंचवीस वर्षांचा झाला. एका सभासदाने त्याहून सोपा उपाय सुचवला : खोडाला भोक पाडून आत हिंग भरा, नाहीतर ॲसिड ओता, आपोआप वाळेल, अर्जाची भानगडच नको. कायद्यात जाळणं, इजा करणं हेही तोडण्यातच धरलंय, हे त्याला ठाऊक नसावं. शिवाय वाळलेलं झाड उतरवणं जास्त अवघड. लाकडातला चिवटपणा जातो, फांदी करकर न करताच तुटते आणि चढणाऱ्याला काही कळायच्या आत आपण आपलं काम उरकलेलं असतं.

एक गृहस्थ मात्र आपल्याला ओळखून आहेत. झाडं काढायचं काम करणारे ठेकेदार. ते आले, कुणाशी न बोलता झाडाभोवती फिरले आणि पहिला प्रश्न विचारला तो आजींच्या घरात जाणाऱ्या विजेच्या तारेबद्दल. ती तार फांद्यांमधून जाते, हे त्यांनी दाखवल्यावर आम्हाला दिसलं. वीज कंपनीचा माणूस लाइन बंद करून समोर उभा असल्याशिवाय करवत चालू करणार नाही, म्हणाले. अण्णांनी दोर दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला आणि गणपती कधी आहेत म्हणून विचारलं.

खाच घेऊन एका घावात झाड का पाडत नाही, या प्रश्नावर ते जमिनीवर काडीने आकृती काढायला बसले. पडायच्या बाजूला बुंध्याच्या सुमारे पाव हिश्श्याइतकी खाच, मग मागून काप, आणि दोन्हीच्या मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्श्याइतकी लाकडाची पट्टी न कापता ठेवायची. ती पट्टी बिजागरीचं काम करते आणि झाड तिच्यावर वळून ठरल्या जागी जातं. इथे बिजागरीच्या जागी भुसा आहे. म्हणजे झाड वळणार नाही, बसेल. आणि कललेल्या झाडाला मागून घाईने काप दिला, तर खोड कधी कधी कापाशी न तुटता उभं फाटत वर जातं आणि मागची फाळ कापणाऱ्याच्या छातीवर येते. हे सांगताना त्यांचा हात नकळत स्वतःच्या बरगडीवर गेला. कुणी पुढे काही विचारलं नाही.

त्यांची पद्धत वेगळी. पोकळ झाडावर माणूस चढवायचा नाही, कारण पट्टा बांधायचा तो त्याच झाडाला. एक माणूस लिफ्टच्या पाळण्यात, शेजारी क्रेन. सुरुवात शेंड्याकडून, बाहेरच्या टोकांपासून. फांदी आधी क्रेनच्या हुकाला ताणून धरायची. मग खालून थोडा काप, मग किंचित पुढे वरून, म्हणजे ती निसटताना खोडाची साल ओरबाडत नाही. दोर ढिला ठेवायचा नाही. हातभर ढील राहिली तरी फांदी तेवढी पडते आणि थांबताना दोरावर तिच्या वजनाच्या कितीतरी पट झटका बसतो. बुंधा शेवटी, दोन-दोन फुटांचे तुकडे करून. खाली कुणी उभं राहायचं नाही, ‘जरा बघतो’ म्हणणाऱ्या सेक्रेटरींनीसुद्धा. हे सगळं एका तासात होत नाही, दोन दिवस लागतात.

निवृत्त सरांनी वहीत हिशेब मांडून दाखवला. चाळीस सेंटिमीटर जाड आणि तीन मीटर लांब फांदी, लाकूड ओलं, म्हणजे वजन अडीचशे ते तीनशे किलो. पाच मीटरवरून सुटली तर एका सेकंदात खाली, वेग ताशी पस्तीस किलोमीटर. अण्णा म्हणाले, पस्तीसने तर माझी स्कूटर जाते. सरांनी वही मिटली.

ठेकेदारांनी सांगितलेला आकडा ऐकून सभा तहकूब झाली. त्यात क्रेनचं भाडं होतं, लिफ्टचं होतं, कामगारांचा विमा होता. विम्याचं नाव काढल्यावर ‘म्हणजे यांनाच खात्री नाही’ असा शेरा एका कोपऱ्यातून आला. दुसरीकडे चार तरुण आहेत, ते चहा-नाश्ता आणि निघेल ते लाकूड एवढ्यावर काम करायला तयार आहेत. त्यांच्याकडे कटर मशीन आहे, स्लिपर आहेत, डेकोरेशनवाल्याची ॲल्युमिनियमची शिडी आहे. हेल्मेट विचारल्यावर त्यांच्यातल्या एकाने बाइककडे बोट दाखवलं. खजिनदारांच्या मते हा प्रस्ताव किफायतशीर आहे. फरकाच्या रकमेत गेटला रंग होतो.

म्हणूनच हा अर्जाचा खटाटोप. एरवी आम्ही सगळं जमवून घेतो. पाण्याच्या टँकरवाल्याशी जमवतो, वरच्या मजल्याच्या गळतीशी जमवतो, जनरेटरच्या हिशेबाशीसुद्धा जमवून घेतलंय. आपण एकटेच असे निघालात की ज्यांना कुणाचा फोन जात नाही. एक तास पूर्ण रजा देणं प्रशासकीयदृष्ट्या अवघड असेल, तर बंगल्याच्या बाजूपुरती अर्धी रजाही चालेल, किंवा आपला ओढा जमिनीकडून तात्पुरता प्लॉटकडे वळवावा.

मंजुरी लेखी द्यावी, ऑडिटला लागते. नामंजूर असल्यास शनिवारी दुपारच्या आत कळवावं. क्रेनवाला ॲडव्हान्स घेतल्याशिवाय गाडी काढत नाही आणि खजिनदार रविवारी चेकवर सही करत नाहीत.

कळावे,

आपल्या ताब्यातला,
एक सभासद

ता. क. आजी उत्तराची वाट पाहणार नाहीत. त्या शुक्रवारीच लेकीकडे चालल्या आहेत. जाताना गॅसचं सिलिंडर घराबाहेर काढून ठेवायला त्यांनी सांगितलंय. हा मुद्दा ठरावात नव्हता.