पुन्हा तोच खड्डा खोदणाऱ्यांस

प्रति,
काळ्या जमिनीत घर बांधलेले समस्त घरमालक,
नांदेड व लातूर जिल्हे

विषय : आपल्या परसातील नव्या, आणखी खोल शोषखड्ड्याबद्दल अभिनंदन.

मान्यवर,

जुना शोषखड्डा तुंबून संडासाचे पाणी उलटे येऊ लागले, म्हणून त्याच्याशेजारी पाच फूट जास्त खोल असा दुसरा खोदण्याचे आपण ठरवले आहे. जो उपाय आठ फुटांवर हरला तो तेरा फुटांवर जिंकेल, या श्रद्धेला तोड नाही. वाफसा नसताना रानात तिफण घालणाऱ्याला आपण वेड्यात काढता. पण भर पावसाळ्यात त्याच गच्च जमिनीने घरचे सांडपाणी मुकाट्याने पीत राहावे, ही अपेक्षा मात्र अगदी रास्त.

दोष जमिनीचाच म्हणायचा. इथली बरीचशी काळी माती बेसाल्टपासून झालेली, आणि तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकण खनिज भरपूर. ते पाणी पिऊन फुगते आणि सुकले की आक्रसते. वैशाखात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, खड्ड्यातले पाणी सर्रकन नाहीसे होते आणि मिस्त्री छातीठोकपणे म्हणतो, "बघा, कसा शोषतोय!" प्रत्यक्षात मैलापाणी न गाळताच भेगांतून खाली उतरलेले असते. पाऊस लागला की माती फुगून भेगा मिटतात आणि वैशाखातला शोषखड्डा श्रावणात नुसता हौद होतो. म्हणूनच भारतीय मानक २४७० च्या दुसऱ्या भागात एक साधी चाचणी आहे : छोटा खड्डा घ्यावा, पाणी भरून माती रात्रभर भिजू द्यावी आणि मग पाणी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटे लागतात ते मोजावे. ३० हून जास्त लागली, तर शोषखड्ड्याचा नाद सोडावा. अर्थात पट्टी आणि घड्याळ हा खर्च जेसीबीच्या भाड्यापुढे फारच जड, तेव्हा आपण तो टाळलात हे योग्यच.

आपण म्हणाल, हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने शोषखड्डे करून गटारे आणि डास घालवले, मग आम्हीच काय घोडे मारले? टेंभुर्णीचे कौतुक खरेच आहे. पण त्या 'मॅजिक पिट'मध्ये जाते ते न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी, संडासाचे नव्हे. आपला दुसरा मुद्दा असा की, खोल गेल्यावर मुरूम लागतो आणि तिथे पाणी जिरते. जिरते, यात शंका नाही. त्याच मुरमातून आणि फुटक्या खडकातून शेजाऱ्याच्या बोअरलाही पाणी येते. मानक अशा खड्ड्यात आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत किमान १८ मीटर अंतर मागते. गुंठाभर प्लॉटची लांबीसुद्धा बहुधा तेवढी नसते. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे भूजलात मैला सोडणे ही मोठीच चैन.

तेव्हा खोदकाम बदलायचेच असेल, तर खाली जाण्याऐवजी वर या. आधी संडासाची सेप्टिक टाकी तळापासून पाणबंद करा. "वीस वर्षांत एकदाही उपसली नाही" अशी जिची ख्याती असते, तिच्या तळाला बहुधा काँक्रीटच नसते. गच्चीचे पाणी टाकीत सोडू नका. माती बऱ्यापैकी पाझरते, पण पावसाळ्यात भूजल जमिनीखाली १८० सेंटिमीटरच्या आत येते, अशा जागी मानक पाझरचर जमिनीच्या वर, भरावात घ्यायला सांगते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाने १९७० च्या दशकात वाळूच्या उंचवट्याची पद्धत विकसित केली ती अशाच अडचणीतून : वाळूत हवा खेळते, तिथले जिवाणू पाणी साफ करतात आणि ते रुंद जागेवर सावकाश मुरते. निव्वळ चिकण माती असेल, तर टाकीनंतर खडीचे, खालून वर वाहणारे गाळण बसवा. आणि भर पावसात टँकर बोलावून टाकी पूर्ण रिकामी करू नका. भोवतीचे पाणी रिकाम्या टाकीला उचलते, प्लास्टिकची तर जमिनीतून वरच येते.

हे महाग पडेल, ही तक्रार खरी आहे. फक्त हिशेबात दर पावसाळ्याचे टँकर, दुसरा खड्डा आणि पुढे येणारा तिसराही धरा. "आता ड्रेनेज लाईन येणारच आहे" असेही आपण म्हणता. ती येईल तेव्हा येईल. मैला रोज येतो.

तरीही तेरा फुटांचा निर्णय कायम असेल, तर एकच विनंती : उद्घाटन भाद्रपदात ठेवा. राहिलेली चाचणी पाहुण्यांसमक्ष होऊन जाईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
उताराच्या बाजूचा बोअरवाला शेजारी