हिरव्या रकान्यांचे शहर

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात राहणाऱ्या-वावरणाऱ्याला दृश्याचे महत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही. जालना रोडवर उड्डाणपूल झाला आणि छत्रपती शिवाजी महाराजांचा जुना अश्वारूढ पुतळा पुलापुढे ठेंगणा दिसू लागला. शहराला ते खटकले. मागणी झाली आणि अखेर 31 फुटांच्या चौथऱ्यावर 21 फुटांचा नवा पुतळा उभा राहिला. फेब्रुवारी 2022 मध्ये, शिवजयंतीच्या आदल्या रात्री त्याचे अनावरण झाले. दिसण्यात उणीव आढळली म्हणून आपण प्रत्यक्ष काम करून ती उणीव दूर केली. त्या निर्णयाबद्दल पूर्ण आदर बाळगूनही म्हणावे लागते, की ही रीत फार कष्टाची आहे. आज हाच प्रश्न एखाद्या आढावा बैठकीत निघाला असता, तर पडद्यावरून पूल गाळला असता आणि विषय चहा येण्याआधी मिटला असता.

ही सोय आपल्याला प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या सॉफ्टवेअरने दिली, आणि तिचा व्हावा तितका गौरव अजून झालेला नाही. कामांची यादी एकच असते. काय करायचे, कोणी करायचे, कधीपर्यंत आणि आजची स्थिती काय. पण त्या एका यादीवर प्रत्येकाला आपापला व्ह्यू बांधता येतो. नको तो रकाना झाका, नको त्या ओळी गाळा, क्रम बदला, रंग भरा, नाव देऊन सेव्ह करा आणि लिंक पाठवून द्या. मूळ नोंदीला धक्काही लागत नाही. खोटे बोलल्याचे पाप नाही, खरे सांगितल्याचा ताप नाही. पूर्वी अहवाल सजवायला कारकुनाला रात्र जागवावी लागे आणि फाइलवर खाडाखोड राहून जाई. आता खाडाखोडच उरली नाही.

परवा चौकाजवळच्या एका हॉटेलात ओळखीच्या तरुण अभियंत्याने लॅपटॉप उघडून मला हे वैभव दाखवले. काम रस्ता आणि ड्रेनेजचे होते. डाव्या बाजूला सेव्ह केलेले व्ह्यू ओळीने मांडलेले होते. ‘सर्व कामे’, ‘साइट’, ‘बिले’, ‘मीटिंग’. ‘सर्व कामे’ उघडल्यावर पडदा खालपर्यंत लाल झाला. त्याने ‘मीटिंग’वर क्लिक केले. लाल ओळी गेल्या, उरल्या त्या ओळी पोपटी, टवटवीत. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत फिल्टर लिहिलेला होता, ‘स्थिती : विलंबित वगळून’. शेवटची नोंद कधी केली, तो रकाना झाकलेला होता. मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, “काका, डिलीट काहीच केलेलं नाही. फक्त दिसत नाही.” कार्यक्षम प्रशासनाची इतकी नेमकी व्याख्या मी यापूर्वी ऐकली नव्हती.

या शास्त्राचे एक पूर्वज हेन्री गँट हे अमेरिकी अभियंते. 1910 च्या दशकात त्यांनी आडव्या पट्ट्यांचा तक्ता रूढ केला. कोणते काम कुठे अडले आहे, हे नजर टाकताच कळावे, एवढाच त्यांचा हेतू होता. हेतू चांगला होता, पण अडलेले काम दिसले की ते हलवावे लागते, ही त्यातली गैरसोय त्यांनी ध्यानात घेतलेली नसावी. आपण त्यांचा तक्ता ठेवला आणि गैरसोय तेवढी काढून टाकली.

मूळ वेळापत्रकाचीही तशीच उत्तम व्यवस्था लागली आहे. काम सुरू होताना ठरलेल्या तारखा ‘बेसलाइन’ म्हणून जतन करायच्या आणि पुढची प्रगती त्यांच्याशी ताडून पाहायची, असा नियम आहे. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या जुन्या, सर्वपरिचित सॉफ्टवेअरमध्ये एकाच प्रकल्पाच्या 11 बेसलाइन ठेवता येतात. मुदतवाढीची इतकी आस्थेने केलेली तरतूद आपल्याकडच्या निविदेतही आढळणार नाही. नवी बेसलाइन घ्यायची, तिच्याशी तुलना करायची, आणि वर्षभर मागे पडलेले काम त्याच दुपारी वेळेवर येते.

टक्क्यांचे काम आणखी सुबक आहे. पाइप आणून रस्त्याच्या कडेला उतरवला, की त्याचे टक्के. चर खोदला, की त्याचे टक्के. चर बुजवला, की त्याचेही. पाणी आले नाही तरी बेरीज नव्वदीपर्यंत सुखरूप पोहोचते. रस्ता उकरलेला पाहून नागरिकाला खड्डा दिसतो, व्ह्यूमध्ये मात्र त्याच जागी प्रगती दिसते. दोघेही एकाच ठिकाणी बघत आहेत, ही राष्ट्रीय एकात्मतेच्या दृष्टीने समाधानाची बाब आहे.

आपल्या शहराला हे सांगण्याची गरज नाही. जायकवाडीतून 2,500 मिलिमीटर व्यासाच्या जलवाहिनीने पाणी आणण्याच्या योजनेचे भूमिपूजन 12 डिसेंबर 2020 रोजी झाले. तेव्हा ती 1,680 कोटी रुपयांची होती, पुढे 2,740 कोटींची झाली. मुदती वाढत गेल्या आणि कामाचा पाठपुरावा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला जनहित याचिकेवर करावा लागला. दरम्यान घराघरांत एक जुना व्ह्यू अखंड चालू राहिला. ओट्याजवळच्या भिंतीवर टांगलेले कॅलेंडर, त्यात पाण्याच्या दिवसाला पेनाने केलेला गोल, आणि दोन गोलांमधले मोजून काढलेले दिवस. न्हाणीघरातला निळा ड्रम या व्ह्यूशी कायमचा जोडलेला आहे. त्याला फिल्टर लावता येत नाही, रकाना झाकता येत नाही, आणि तो कोणाला शेअरही केलेला नसतो. म्हणूनच बैठकीत तो विचारात घेतला जात नसावा.

याच शहराचा जुना अनुभव या बाबतीत अगदीच मागासलेला होता. मलिक अंबरने 17 व्या शतकाच्या प्रारंभी खडकी या नावाने हे शहर वसवले आणि जमिनीखालच्या नहरींनी गावात पाणी खेळवले. त्या कामाची प्रगती पाहण्याचा एकच मार्ग होता, हौदात पाणी पडते की नाही ते पाहणे. पुढच्या काळात बांधलेल्या पाणचक्कीच्या हौदापाशी उभे राहिले तरी ती मोजणी किती ओबडधोबड होती ते कळते. पाणी आहे किंवा नाही. मधला टक्का नाही.

आता सरळ बोलतो. दोष व्ह्यूचा नाही. साइटवरच्या मुकादमाला आजची कामे, लेखा विभागाला बिले आणि मुख्य अभियंत्याला अडलेली कामे वेगवेगळी दिसली पाहिजेत. त्यासाठीच हे साधन बनले, आणि ते उत्तम आहे. दोष हा, की जो व्ह्यू आपल्या टेबलावर काम सोपे व्हावे म्हणून बांधला, तोच आपण दुसऱ्याला संपूर्ण सत्य म्हणून पाठवतो. ज्या तरुण अभियंत्याने मला लॅपटॉप दाखवला, त्याला काम येते. लाल ओळी दाखवल्या तर बैठकीत उभे करून बोलणी खावी लागतात, हे त्याला कोणीतरी शिकवले आहे. ते शिकवणाऱ्यांत आपणही आहोत, कारण हिरवा रंग पाहून टाळी वाजवणारे आपणच.

म्हणून सार्वजनिक पैशाच्या प्रत्येक कामाबाबत तीन गोष्टी मागू या. शेअर केलेल्या व्ह्यूच्या माथ्यावर लावलेला फिल्टर आणि शेवटच्या नोंदीची तारीख ठळक लिहिलेली असावी. पहिली बेसलाइन कधीही पडद्याआड जाऊ नये. नव्या मुदतीशेजारी जुनी मुदत दिसलीच पाहिजे. आणि नागरिकाला तीच लिंक मिळावी, जी आयुक्तांना मिळते. त्या यादीत शेवटचा रकाना आपल्या गल्लीचा असू द्या : नळाला पाणी कोणत्या तारखेला आले.