आग रामेश्वरी, बोनेट सोमेश्वरी

आमच्या साडूंच्या मते गॅरेज ही आळशी माणसांची सोय आहे. त्यांच्यापाशी १९९४ सालची मारुती ८००, पान्ह्यांचा संच आणि रिकामा रविवार असतो; चौथ्या कशाची, म्हणजे मेकॅनिकची, त्यांना कधी गरज भासली नाही. पाचगणीला निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीचं ‘फुल सर्व्हिसिंग’ केलं. प्लग घासले, एअर फिल्टर आपटून झाडला, ऑइल बदललं आणि घाटात गाडी मागे यायला नको म्हणून हँडब्रेक असा आवळला, की दोन कटांत चाकं जाम. शेवटी एक नट उरला. तो त्यांनी निर्विकारपणे खिशात टाकला.

खंबाटकीत गाडी दुसऱ्या गिअरवर आली. “समोरून वारा आहे,” साडू म्हणाले. वाईला ढोल्या गणपतीपुढे ते बराच वेळ ओठ हलवत उभे राहिले. मागणं बहुधा इंजिनासाठीच असावं.

पसरणीच्या घाटात पहिला गिअर पडला तो पडलाच. एसटी पुढे गेली. भाजीचा टेम्पो पुढे गेला. टेम्पोतल्या पोराने हात हलवून आम्हाला धीर दिला. मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, “जावईबापू, काहीतरी करपतंय हो.”

“घाटात क्लचचा वास येतोच, आई.”

पुढच्या वळणावर गाडी बाजूला घेऊन साडूंनी इंजिन चालूच ठेवलं आणि बोनेट उघडलं. आपल्याकडे बोनेट उघडलं की माणसं बोलवावी लागत नाहीत. एक रिक्षावाला, दोन बाइकस्वार आणि कणसं भाजणारा असं वैद्यकीय मंडळ लगेच भरलं.

रिक्षावाला म्हणाला, “पेट्रोल फिल्टर चोक झालाय. सपाटीला पळते, चढाला दम तोडते ना?” लक्षण अगदी शास्त्रशुद्ध होतं. पहिला बाइकस्वार म्हणाला, “क्लच प्लेट गेली.” पण क्लच घसरला तर रेस वाढते नि वेग वाढत नाही, इथे रेसच वाढत नव्हती. दुसऱ्याला इंजिन मिसिंग मारत असल्याचा संशय आला. साडूंनी एकेका प्लगची वायर काढून पाहिली. जो सिलिंडर आधीच मेलेला असतो, त्याची वायर काढली तरी आवाज बदलत नाही. इथे तिन्ही वेळा इंजिन लडखडलं, म्हणजे तिन्ही सिलिंडर ठणठणीत. प्लगही तांबूस निघाले. पेट्रोल जास्त जात असतं किंवा हवा अडत असती, तर ते काजळीने काळे निघाले असते. कणीसवाल्याने फक्त “लिंबू देऊ का?” एवढंच विचारलं.

मग मी हिशेब मांडला. दर तीनशे मीटर उंचीला हवा विरळ होऊन साध्या इंजिनाची ताकद सुमारे तीन टक्के घटते. वाईपासून पाचगणी साधारण सहाशे मीटर वर. म्हणजे सदतीस घोड्यांतले दोन घोडे हवेत गेले. साडेसहाशे किलोच्या गाडीत आम्ही पाच जण आणि सासूबाईंचा फराळ, त्यात आणखी काही कामाला लागले. बाकीचे कुठे चरायला गेले?

सासूबाई एव्हाना खाली उतरून गाडीमागे उभ्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, “गिअर काढलाय, हँडब्रेकही खाली आहे, चाकाला दगड लावला नाहीत. एवढा उतार आहे. मग गाडी मागे का येत नाही?”

मंडळ गप्प झालं. साडूंनी मागच्या चाकाच्या रिमवर पाण्याचे दोन थेंब टाकले. चर्रर्र!

इंजिन बिचारं पुण्यापासून नेकीने राबत होतं आणि मागचे लायनर ड्रमला घासत त्याच्या कमाईची उष्णता करत होते. ताकद कमी पडली की पहिला प्रश्न ती तयार होते की नाही हा नव्हे. वाटेत कोण खातंय, हा. तो विचारायला पान्हा लागत नाही. सपाट जागी न्यूट्रलमध्ये ढकलून पाहायचं, थोडं चालवून चारही रिमजवळ हात नेऊन बघायचा. फुकटच्या तपासण्या आधी, खोलाखोली नंतर.

ड्रम निवेपर्यंत आम्ही कणसं खाल्ली. मग साडूंनी हँडब्रेकच्या लिव्हरच्या बुडाचा नट सैल केला आणि गाडी दुसऱ्या गिअरवर पाचगणीत शिरली. नट जरा जास्तच सैल झाल्याने हँडब्रेक आता नुसता शोभेला उरला होता. हॉटेलच्या उतारावर चाकामागे दगड लावायचं काम अर्थात माझ्याकडे आलं.

संध्याकाळी साडू हॉटेलच्या व्हरांड्यात पाहुण्यांना सांगत होते, “एक नट फिरवला आणि पिकअप डबल!” सकाळी चहाला उतरलो, तर अंगणात तीन अनोळखी गाड्या बोनेट उघडून रांगेत उभ्या होत्या आणि साडू बाह्या सरसावत होते. रांगेच्या मागच्या टोकाला खुर्ची टाकून बसलेल्या सासूबाई प्रत्येकाला बजावत होत्या, “आधी गाडी ढकलून दाखवा. मग जावईबापूंना हात लावू द्या.”