हवेचा बंदोबस्त

जुनी फोक्सवॅगन बीटल बाळगणाऱ्याला घरचे दोन प्रश्न विचारतात. ही विकणार कधी, आणि हा आवाज कसला? पहिल्याला तो उत्तर देत नाही. दुसऱ्याचं उत्तर पुष्कळदा ‘पत्रा’ एवढंच असतं.

बीटलचं इंजिन मागे, इतर गाड्यांची डिकी असते तिथे. त्याला रेडिएटर नाही, पाणी नाही. डायनामोच्याच दांड्यावरचा पंखा हवा ओढून पत्र्याच्या आवरणातून सिलिंडरवर सोडतो आणि तापलेली हवा खालून बाहेर पडते. वरची थंड आणि खालची गरम हवा एकत्र येऊ नये म्हणून इंजिनाभोवती काळे पत्रे, आणि ते धरायला सहा मिलिमीटरचे, आडव्या खाचेचे स्क्रू. 2003 साली मेक्सिकोत शेवटची मूळ बीटल निघेपर्यंत दोन कोटींहून जास्त गाड्या या व्यवस्थेवर धावल्या. स्क्रू ढिला झाला की पत्रा कुरकुरतो. गळून पडला की फटीतून गरम हवा वर येते आणि पंखा तीच पुन्हा इंजिनाला पाजतो.

गारव्यासाठी फटी बुजवायच्या, हे आपल्याकडे पटवणं अवघड. उकडलं की दारंखिडक्या उघडायच्या, हे आपल्या हाडीमासी भिनलेलं. शेजारच्या काकांच्या बीटलचे दोन पत्रे असेच कुणीतरी पूर्वी काढून टाकले होते, इंजिनाला जरा मोकळी हवा लागावी म्हणून. हेतू प्रेमळच. उरलेल्यांत कुठे तार, कुठे घरच्या पत्र्याला मारतात तसला स्क्रू, आणि बाकी ठिकाणी पाव इंची बोल्ट. पाव इंच म्हणजे साडेसहा मिलिमीटरला जरा कमी. जोर लावला की सहाच्या भोकात शिरतो, पण जाताना आटे खाऊन जातो.

रविवारी मिस्त्री आले. टॉर्च धरण्याचं काम माझ्याकडे. (आयुष्यात मला याहून जबाबदारीचं काम क्वचितच मिळालं आहे.) ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे गेले होते, तिथे त्यांनी भोक मोठं करून तारेच्या स्प्रिंगसारखं हेलिकॉइल बसवलं. पातळ पत्र्यात आटे टिकणार कुठे? तिथे मागून नट डकवला. एक स्क्रू हातातून निसटून सिलिंडरच्या फिन्सकडे घरंगळला. काकांनी उत्साहाने लोहचुंबक आणलं. ते आत घातलं की आधी डावीकडच्या पत्र्याला चिकटे, सोडवलं की उजवीकडच्या. स्क्रू मात्र मध्ये सुखरूप. शेवटी मिस्त्रींनी तारेला ग्रीस फासून तो वर काढला. पुढच्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा घट्ट बसवून तो नळीनेच फिरवत आत नेला, आटे धरल्यावर मगच स्क्रू ड्रायव्हर.

“अजून थोडा आवळा की,” काका म्हणाले.

“साहेब, पत्रा आहे. दाबला तर पोचा पडेल, आणि पुन्हा वाजेल.”

इंजिन सुरू झालं. बीटलचा मूळचा फटफटाट राहिला, वरची कुरकुर गेली. काका पाव इंची बोल्ट गोळा करून कचऱ्यात टाकायला निघाले, तर मिस्त्रींनी हात पुढे केला. “द्या इकडे. एक विलिस जीप आलीय कामाला. तिच्यात कुणीतरी सहा मिलिमीटरचे ठोकलेत.”